निळाईचा चेहरा

पावणं, तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. म्हणूनच तुम्हाला सांगायचं धाडस होतंय. ओळखीच्या माणसाला हे कधी सांगता आलं नाही — पोरींना नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला पाहिजे होतं तिला तर नाहीच. बावीस-तेवीस वर्षं झाली. ती रोज समोर होती. माझ्यासमोर ताट ठेवायची. मी जेवायचो आणि उठायचो.

आता ती नाही. चैत्रात गेली.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. अक्षर तेवढं तुम्हाला चांगलं दिसेल — ते पाट्या रंगवून आलेलं वळण आहे, त्याच्या मागं शाळा नाही. लिहिताना मागंपुढं झालं तर चालवून घ्या. सरळ सांगायचं म्हणून बसलोय, पण गोष्टच अशी आहे की हात तिच्या भोवतीनंच फिरतोय.

कोल्हापुरात मला नावानं कोण ओळखत नाही. पेंटर म्हणतात. थिएटरवर ते मोठाले बॅनर लागायचे ना — नटीचा एक डोळा म्हणजे परातीएवढा — ते मी काढायचो. कॅलेंडरावरचे देव काढले. पैलवान काढले, पुढारी काढले. चाळीस वर्षांत किती तोंडं काढली असतील, मोजली नाहीत. आणि बायको गेली तेव्हा भिंतीला लावायला घरात तिचा एक फोटो निघाला नाही.

तेराव्याच्या आदल्या दिवशी थोरली ट्रंका, फळ्या, देव्हारा सगळं शोधत होती. ती मुरगूडला दिलेली. तिला हार घालायला फोटो पाहिजे होता. "आण्णा, आईचा एक बी फोटो न्हाय?" म्हणाली. धाकटीच्या लग्नातला एक निघाला. त्यात ती सगळ्यांच्या मागं उभी, पदर नाकापर्यंत ओढलेला. दिसते ती नुसती हनुवटी. हनुवटीला हार घालायचा काय?

जमलेल्यांतला एक पाव्हणा म्हणाला, पेंटरच्या घरात फोटो कशाला लागतोय, डोळं मिटून काढतील की तेच. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उजवा हात पुढं करून दाखवला. थरथरतोय, म्हटलं. आता जमत नाही.

हात थरथरतो, हे खरं. पण एवढा नाही थरथरत. तेही खोटंच होतं.

फोटो का नाही, तिनं तोंड का लपवलं — ते मला माहीत आहे. एकट्या मलाच माहीत आहे. तेच सांगायचंय. पण त्यासाठी आधी पानकाने लोक सांगावे लागतील. ऐकून घ्या जरा.

हातकणंगल्याकडचे एक शाळामास्तर होते. दर रविवारी रेल्वेनं यायचे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वह्या. त्या माणसानं आपल्या डोक्यातनं एक अख्खं पुराण रचलं होतं. पन्हाळ्याच्या डोंगरात माणूस येण्याआधी कोण राहत होतं? मास्तर म्हणायचे, पानकाने. माणसासारखे, पण माणसं नव्हेत. उंच, अंगानं हलके, गवतावरनं चालले तर गवत वाकत नाही. पाच-पाचशे वर्षं जगणारे. आणि कानाची टोकं पानासारखी, म्हणून पानकाने. त्यांच्या तीन जाती — कड्यावरचे, राईतले आणि पाणथळातले. त्यांची भाषा, त्यांची गाणी, सणवार, भांडणं, सगळं त्या वह्यांत लिहिलेलं. पोरांसाठी रंगीत चित्रांचं पुस्तक करायचं होतं त्यांना. छापखान्यातल्या कुणीतरी सांगितलं, देव काढणारा एक पेंटर आहे, त्याच्याकडं जा.

पहिली चित्रं मी मोठ्या झोकात काढली. मुकुट, शेले, गुलाबी गाल, मागं प्रभावळ. मास्तरांनी बघितलं आणि हळूच म्हणाले, "पेंटर, हे नाटक कंपनीतले देव झाले. यांना आजवर कुणी बघितलेलं नाही. आणि तुम्ही यांना सगळ्यांनी बघितलेलं करून ठेवलंत."

मला राग आला. मग रात्रभर ते डोक्यातनं जाईना. खरं होतं की. बॅनरचं काम म्हणजे काय असतं? फोटोवर पेन्सिलीनं चौकोन पाडायचे, कापडावर खडू लावलेल्या सुतानं तेवढेच मोठे चौकोन पाडायचे, आणि ह्या चौकोनातलं त्या चौकोनात उतरवायचं. डोळा काढतोय की चप्पल, हेसुद्धा बघायची गरज नसते. पानकान्यांचा फोटो कुठं होता? चौकोन पाडायचे कशावर?

मग आम्ही दोघं शून्यातनं सुरू झालो. कड्यावरच्यांच्या कपड्याला दगडफुलाचा रंग दिला. राईतल्या बायकांच्या गळ्यात आपला कोल्हापुरी साज घातला, पण सोन्याच्या पानांऐवजी चिंचोके, भुंग्याचे पंख, वाळलेल्या शेंगा. पाणथळातल्यांना लव्हाळ्याच्या टोप्या. ह्यांचं जोडं कसलं असेल, ह्यावर एक अख्खा रविवार गेला. शेवटी मास्तर म्हणाले, यांना जोडं नकोच, यांचे पाय कधी मळत नाहीत. मी म्हटलं, मळायला पाहिजेत मास्तर, नाहीतर बघणाऱ्याला खरे वाटणार नाहीत. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं — पेंटर म्हणतात, पाय मळावेत. माझं म्हणणं कुणी लिहून घेतल्याचं आयुष्यात ते पहिल्यांदाच. त्या दिवसांसारखा मी परत कधी सुखात नव्हतो, हे पण सांगून ठेवतो. त्याच दिवसांत मी ते केलं.

कान काही जमत नव्हते. बोकडाचे व्हायचे, नाहीतर सशाचे. मास्तर हसून हसून डोळे पुसायचे. आत स्वयंपाकघरात ही पण हसायची.

ही म्हणजे हौसा. माझी बायको.

कशी होती सांगू? काळी होती. सावळी म्हणून गोड करून सांगत नाही, काळी. देवळातला दगडी खांब हात लागून लागून गुळगुळीत होतो बघा, तशी काळी. उन्हात उभी राहिली की गालाच्या हाडावर उजेडाची एक रेघ उठायची. दात पांढरेशुभ्र. हसायला लागली की तोंड आधी डावीकडं जायचं, मग सगळं हसायचं. नाक — नाकाचं पुढं सांगतो.

एका रविवारी दुपारी मी वैतागून कागद फाडत बसलो होतो. ही बाहेर गेली आणि पाराजवळच्या पिंपळाची दोन पानं घेऊन आली. देठं कानामागं खोवली, पानांची टोकं वर. दारात उभी राहिली, जिथं ऊन यायचं तिथं, आणि म्हणाली, "असलं व्हय तुमचं पानकानं?"

मी बघतच राहिलो. कान असेच पाहिजे होते. आणि कानच नव्हे — अख्खी तीच. हे मला तेव्हाच कळलं होतं, पावणं. मास्तरांनी सांगायच्या आधी कळलं होतं. हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मलाच त्यातनं सुटता यायचं नाही.

तिच्या मागं पायरीवर मास्तर उभे होते. एक चप्पल पायात, एक काढलेली. हिनं वळून बघितलं आणि लाजून आत पळाली, पानांसकट. आत स्टोला पंप मारल्याचा आवाज आला.

मास्तर बसले. राहिलेली चप्पल काढली. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "पेंटर, निळाई मिळाली."

निळाई म्हणजे पानकान्यांची राणी. पुस्तकाच्या मधोमध तिचं पानभर चित्र यायचं होतं. तिच्यासाठी मास्तरांनी वहीत लिहिलं होतं — काळ्या पाषाणाच्या रंगाची. आधी एकदा मी म्हटलं होतं, राणी काळी कशी करायची, कोण घेईल पुस्तक? तर म्हणाले, आपली अंबाबाई कसली आहे पेंटर? काळ्या पाषाणाचीच ना? मग आपली राणी गोरी कशाला? मी कॅलेंडरवर अंबाबाई काढायचो ती गुलाबी.

मास्तर म्हणाले, वहिनींना विचारा. दोन-चार रविवार अशा समोर बसतील का? मी विचारणं बरं दिसत नाही, तुम्हीच विचारा.

आणि मी उठून आत गेलो.

इथपर्यंत आलो. आता पुढं जायला नको वाटतंय. आणखी एक गोष्ट मध्ये घालतो. ती घातल्यानं माझं काही कमी होत नाही, पण ती होती.

माझं लगीन झालं तेव्हा बॅनरच्या वखारीत आम्ही चार-पाच पेंटर होतो. लग्नाला सगळे आले होते. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर एक जण म्हणाला, "पेंटर, नवरीला नुस्तं काळं अस्तर मारून ठिवलंयस, रंग कवा देणार?" अस्तर म्हणजे रंगाच्या आधी मारतात तो पहिला हात. सगळे हसले. मी पण हसलो. पुढं कितीतरी वर्षं ते तसंच चाललं. चहा प्यायला बसलो की कोणतरी विचारायचा, दिलास काय रं रंग? आणि मी हसायचो. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं.

त्या दिवशी बाहेरच्या खोलीतनं स्वयंपाकघरात जायला पावलं किती — पाच? सहा? तेवढ्यात मला ती सगळी तोंडं दिसली. पुस्तक छापून येणार, ते उघडणार, मधल्या पानावर पेंटरची काळी बायको राणी होऊन बसलेली. आयुष्यभर पुरेल एवढं हसू मी त्यांच्या हातात द्यायचं? भीती एवढीच होती. एवढीशी. लिहिताना लाज वाटते ती भीतीची नाही, तिच्या आकाराची.

ती स्टोपाशी बसली होती. पानं तशीच कानामागं. डोळे चमकत होते. हळूच म्हणाली, "काय म्हनत हुतं मास्तर? हसलं असतील मला."

'काही नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं. 'हसले' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पुढचं बोलायला कुणी सांगितलं होतं मला?

मी म्हणालो, "राणी काढायची हाय, तवा असलं काळं त्वांड नजरंम्होरं नगं, म्हनलं मास्तर."

झालं. हे ते. बावीस-तेवीस वर्षं जे छातीत घेऊन फिरलो, ते एवढ्या एका ओळीत मावलं.

तिनं एक पान काढलं. मग दुसरं काढलं. भांडी घासायच्या राखेचा डबा कोपऱ्यात होता, त्यात दोन्ही टाकली. म्हणाली, "खरंच हाय की त्यांचं." आणि चहात आलं ठेचून घातलं. मास्तरांना आल्याचा लागायचा.

मी बाहेर येऊन मास्तरांना सांगितलं, नाही म्हणत्यात. आमच्यात बायका अशा बसत नाहीत.

मास्तर खजील झाले. आपलं चुकलं असं त्यांना वाटलं. ते उठले, स्वयंपाकघराच्या दाराकडं तोंड करून हात जोडले आणि आत ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, राग मानू नका."

आतनं ही म्हणाली, "न्हाय वो मास्तर. त्यात राग कसला."

कळलं का तुम्हाला? तो माणूस माफी मागत होता, घरातल्या बाईला समोर बसायला सांगितलं म्हणून. ती माफ करत होती, आपल्याला काळी म्हणाले म्हणून. दोन भली माणसं एका दाराच्या दोन बाजूंना. आणि मध्ये मी. एक शब्द बोललो असतो तर दोघं मोकळी झाली असती. मी काय केलं? ब्रश धुवायला घेतला.

त्या दिवसापास्नं चहा तिनं बाहेर आणला नाही. उंबऱ्यावर कपबशी ठेवायची, चमचा एकदा वाजवायची, आणि मागं सरायची. चमचा वाजला की मी उठायचो. पुढं दोन वर्षं रविवार असेच गेले. मास्तर चहा संपवून दाराकडं बघून म्हणायचे, चहा फक्कड झाला वहिनी. ती पदर नाकापर्यंत ओढून, न दिसता, बरं म्हणायची. मास्तर पोरींना बत्तासे आणायचे, ते पण उंबऱ्यावरनंच आत जायचे. तिनं मास्तरांबद्दल एक वाकडा शब्द कधी काढला नाही. उलट रविवारच्या चहात आलं जरा जास्तच घालायची.

पदर तिथंच थांबला असता तर एक वेळ. तो थांबला नाही. जत्रेत पोरींना घेऊन फोटो स्टुडिओत गेलो, ही बाहेर चपला राखत उभी. माझं कशाला, पोरींचं काढा. भावाच्या लग्नात कॅमेरा आला की ही भांड्यांकडं. पोरी मोठ्या झाल्या, चिडायच्या, आई, उभी रहा की गं. ती हसायची — पण तोंडावर हात धरून. ते डावीकडनं सुरू होणारं हसू मग मला बोटांच्या फटीतनंच दिसायचं. पोरींना वाटायचं, आई लाजाळू आहे. आई लाजाळू नव्हती. कानात पानं खोवून दारात उभी राहणारी बाई लाजाळू असते काय?

निळाई मी काढली. एका सिनेमातल्या नटीचा फोटो वखारीत पडून होता, त्याच्यावर चौकोन पाडले आणि उतरवली. गोरी, गुलाबी. कान मात्र हौसाच्या पानांचे. मास्तरांनी पुष्कळ वेळ बघितलं. "देखणी आहे," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "पण ही पानकानी नाही, पेंटर. ही कान लावलेली बाई आहे." परत काढा म्हणाले नाहीत. छपाईचे ब्लॉक करायला द्यायचे होते, आणि आपणच ह्या घराला दुखावलंय असं त्यांच्या मनात होतं. मी त्याचा पण फायदा घेतला.

तुम्हाला वाटत असेल, संपलं. नाही. ह्याच्यावरचं अजून एक आहे.

पाणथळातले राहिले होते. मास्तरांच्या पुराणात हे लोक एके काळी कड्यावरचेच. कुठल्याशा भांडणात त्यांना खाली हाकललं, ते तळ्याकाठच्या चिखलात राहिले, आणि पिढ्यानपिढ्या दुःख करून त्यांची तोंडं जड झाली, कानाची पानं लोंबली. त्यांची तोंडं कुठनं आणायची? नट-नट्यांच्या फोटोंत तसली तोंडं नसतात.

हौसा दारात तांदूळ पाखडत बसली होती. मी आतल्या अंधारातनं कोळशानं तिला उतरवून घेतलं. तिच्या नकळत. एकदा नाही, पाच-सहा वेळा. मग बोर्डावर घेताना नाक पसरवलं, खालचा ओठ ओढला, डोळे आत घातले, कानाची पानं सुकवली. आणि ती तळ्याकाठी बसवली, सुपात कमळाचे कंद निवडत.

तिचंच तोंड का? बाजारात काय तोंडांचा तोटा होता? ह्यावर मी फार विचार केलाय. मला वाटतं, जे खोटं बोललो ते मला खरं करून बघायचं होतं. ती कुरूप आहे असं कागदावर आलं, तर मी नुसताच खोटारडा नाही, असं काहीतरी. नीट सांगता येत नाही. एवढं सांगता येतं की ते चित्र पुस्तकातलं सगळ्यांत चांगलं झालं. मास्तर म्हणाले, पेंटर, ही एकच खरी आहे.

पुस्तक आलं. ती जमिनीवर बसून, हात पुसून, एकेक पान उलटत होती. वाचता येत नव्हतं तिला. निळाईपाशी थांबली. "लई देखणी हाय," म्हणाली. मनापासनं म्हणाली. मग पाणथळातलं पान आलं. तिथं ती फार वेळ थांबली. चित्रातल्या सुपावर बोट ठेवलं. आमच्या सुपाची एक कड तुटली होती, तिला तिनं तारेनं शिवलं होतं. मी ती तार पण काढली होती. सवयच ती, दिसेल ते काढायची.

"हे सूप आपलं हाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, सुपं काय, सगळी सारखीच असत्यात.

तिनं माझ्याकडं बघितलं. तोंडाचं काही विचारलं नाही. पान उलटलं.

पुस्तक फार काही चाललं नाही. मास्तरांची प्रकृती बिघडली, येणं कमी झालं, मग थांबलं. काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं. मी घरी येऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात थांबला. म्हणाली, "चांगला मानूस हुता. खरं बोलायचा." मी तिच्या समोर दोन हातांवर बसलो होतो. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तिनं ती उलटली. मी जेवलो आणि उठलो.

शेवटचे चार महिने ती अंथरुणाला होती. मी तिचे केस विंचरायचो, तेल लावायचो. पदर आता कुठला राहायला, तोंड उघडंच असायचं. पण मी विंचरायला मागं बसायचो ना. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगायचं. मग वाटायचं, आता सांगून तिला काय मिळणार? असं वाटायचं, की तसं मला वाटून घ्यायचं होतं? मास्तर तुला राणी म्हणाले होते — पाच शब्द. पाच शब्दांसाठी मला चार महिने पुरले नाहीत.

पोरी गेल्यावर मी तिची ट्रंक उघडली. तळाशी, थोरलीनं नुसता खण समजून न उलगडलेलं, खणाच्या कापडात गुंडाळलेलं ते पुस्तक. मी समजत होतो, ते केव्हाच रद्दीत गेलं. निळाईचं पान कोरं करकरीत होतं. पुस्तक आपोआप उघडलं ते पाणथळातल्या पानावर. तिथंच उघडायची त्याला सवय लागली होती.

त्या बाईच्या कपाळाला मी कुंकू काढलं नव्हतं. पाणथळातल्यांना कसलं कुंकू? आता तिथं कुंकू आहे. आधी मेण, मेणावर पिंजर, बोटानं दाबून, गोल — ती आरशासमोर रोज लावायची तसं. मेणाचा तेलकट डाग मागच्या पानावर उमटलाय. आणि ते एका दिवसाचं नाही. रंगातलं मला कळतं. खालचा थर जुना, विटकरी पडलेला. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. सगळ्यांत वरचा अजून लाल आहे.

तोंड ओळखलं होतं तिनं. पहिल्याच दिवशी. आणि टाकलं नाही. माझ्या हातनं जसं निघालं तसं आपलं म्हणून ठेवलं, अधूनमधून काढून कुंकू लावलं, परत गुंडाळून ठेवलं.

महिना झाला, मी कापड ताणून बसलोय. त्या पानावर बारीक चौकोन पाडले, कापडावर मोठे पाडले. म्हटलं, पसरवलेलं नाक आत घ्यायचं, ओढलेला ओठ वर न्यायचा, डोळे बाहेर आणायचे — जेवढं बिघडवलं तेवढं मागं न्यायचं, म्हणजे खाली हौसा निघेल. दारातली, कानात पानं खोवलेली. हात थरथरतो, पण रेघ येते. गाल आले. हनुवटी आली, ती लग्नातल्या फोटोवरनं पण जुळवली.

नाकापाशी अडलोय. किती पसरवलं होतं, आठवत नाही. एक चौकोन? अर्धा? डोळे मिटले की चित्रातलंच नाक दिसतं. तिचं दिसत नाही. हजार वेळा बघितलेलं नाक, आणि माझ्याकडं ते नाही.

थोरलीला अजून फोटो पाहिजे आहे. तिला अजून काही कळवलेलं नाही. कापड भिंतीला लावून ठेवलंय, मधला चौकोन मोकळा आहे. सकाळी दारातनं ऊन येतं ते त्याच्यावर पडतं. पुस्तक खाली उघडं असतं. त्यातलं कुंकू तेवढं तिचं आहे. बाकी सगळं मी काढलेलं.